पश्चिमेची रांग

“ए... ए! हात वर! कोयता लावू नकोस त्याला!”

सेर्वा रांगेच्या दुसऱ्या टोकाकडून धावत आली, तेव्हा तो उंच मुलगा कोकोच्या झाडासमोर कोयता उगारून उभा होता. झाड जेमतेम त्याच्या खांद्याला लागत होतं. त्याने खरोखरच दोन्ही हात वर केले — कोयत्यासकट. पलीकडच्या रांगेत सेर्वाची मैत्रीण मान्सा फिसकन हसली आणि मग खोकल्याचं नाटक करू लागली.

“कोण तू?”

“ओडुरो. सावडीला माझा चुलतभाऊ येणार होता. त्याचा पाय मुरगळलाय.”

“आणि तू काय, माझी झाडं मुरगळायला आलास?”

“हात खाली करू का?” त्याने हळूच विचारलं. “लोक बघतायत.”

बघतच होते. क्वाहूच्या कड्याखालच्या त्या गावात तरुण पोरापोरींनी सावड धरली होती. आज सगळे एकीच्या शेतात, परवा दुसऱ्याच्या. ज्याचं शेत त्याने पोटभर जेवू घालायचं आणि त्या दिवशी त्याचा शब्द सगळ्यांनी ऐकायचा. आज पाळी सेर्वाची होती आणि सेर्वा ती अगदी मन लावून वापरत होती. सकाळपासून तिने प्रत्येकाला एकदा तरी झापलं होतं.

“काय कापत होतास?”

“हे.” ओडुरोने झाडाच्या माथ्यावर आडव्या फुटलेल्या फांद्या दाखवल्या. “वेड्यावाकड्या पसरल्यात. हा खालून आलेला कोंब बघ ना, कसा सरळ, तरतरीत... म्हटलं, हा ठेवू.”

सेर्वाने कपाळाला हात लावला. “अरे देवा! तो पाणसोट आहे. चोर आहे तो. झाडाचं सगळं पिऊन घेतो आणि उंच होऊन मिरवतो. आणि ज्याला तू वेडंवाकडं म्हणतोयस ना, तो झाडाचा पंखा. कोको छातीएवढा सरळ वाढतो, मग थांबतो आणि असा पसरतो. फळं, सावली, सगळं तिथूनच. तो कापलास की झाडाचं डोकंच उडवलंस.”

“म्हणजे जो दिसायला चांगला तो चोर.”

“बहुतेक वेळा.”

“मग माझ्यावर तुझा संशय नसणार,” ओडुरो गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

मान्साचा खोकला आता काही केल्या थांबेना. सेर्वाला हसू आलं होतं, पण मालकिणीने हसायचं नसतं. तिने त्याचं मनगट धरलं आणि कोयत्याचं टोक पाणसोटाच्या मुळाशी नेलं. “इथे. खोडाला चिकटून. खुंट ठेवायचा नाही, साल सोलायची नाही. एकाच झटक्यात.”

तो एकाच झटक्यात कापला गेला. मनगट सोडायला मात्र तिला जरा वेळ लागला... आणि हे दोघांच्याही लक्षात आलं.

दुपारी उकडलेले कंद कांडून केलेला फुफू आणि शेंगदाण्याचं कालवण वाढताना तिने त्याच्या ताटात मासळीचा मोठा तुकडा टाकला. “नवीन माणूस आहे,” असं तिने मोठ्याने जाहीर केलं. कुणी काही विचारलं नव्हतं.

ओडुरो शेजारचाच निघाला. लहानपणापासून आजोळी वाढलेला, म्हणून सेर्वा त्याला ओळखत नव्हती. तेमा बंदरात दोन वर्षं पेट्या उचलून झाल्यावर तो परत आला होता, कारण वडिलांचा गुडघा गेला होता आणि त्यांची बाग सेर्वाच्या बागेला लागूनच, पश्चिमेच्या चढावर होती. मधे हद्दीवर त्यांच्याच केळीची दाट ओळ. दुपारनंतर तिची सावली सेर्वाच्या शेवटच्या रांगेवर यायची. कोकोचं रोप तान्ह्या मुलासारखं असतं, त्याला सरळ ऊन सोसत नाही. म्हणून बाकीच्या रांगांमधे सेर्वाने स्वतः केळी लावल्या होत्या आणि पश्चिमेच्या रांगेला शेजारच्यांच्या केळी पुरत होत्या.

त्या बागेवर सेर्वाचं सगळं काही अवलंबून होतं. इकडे जमीन आईच्या घराण्यातून येते आणि ती कुणाला द्यायची हे मामा ठरवतो. सेर्वाचे बाडूमामा आक्रात कापडाचं दुकान चालवत आणि दर ईस्टरला गावी येत. आदल्या वर्षीच्या ईस्टरला त्यांनी पडीक तुकड्याकडे बोट दाखवून सांगितलं होतं, “एवढा हट्ट आहे तर कर. दोन वर्षांनी ईस्टरला येऊन बघतो. झाडं धरली तर चारचौघांसमोर जमीन तुझी. नाही धरली तर तुझ्या मावसभावाला देईन आणि तू गुमान आक्राला येऊन दुकानात बसायचं.”

सेर्वाला दुकानाचा विचार केला तरी गुदमरायला व्हायचं. दिवसभर कापडाच्या गठ्ठ्यांमधे बसून गिऱ्हाईकाला गोड बोलणं तिच्या स्वभावातच नव्हतं. गोड बोलायला तिला मुळात जमत नसे, आणि झाडांना त्याची गरज नसते.

ओडुरोला मात्र जमायचं. सकाळी पाणी आणायला जाताना, संध्याकाळी परतताना, काही ना काही निमित्त काढून तो केळीपलीकडून हाक मारायचा.

“सेर्वा! आज कुणाला झापलंस?”

“अजून तू दिसला नव्हतास.”

“मग येऊ का तिकडे?”

“तुला कामं नाहीत?”

“आहेत ना. पण ती झापत नाहीत.”

आणि केंकी! ओडुरोची आई किनाऱ्याकडची. मक्याचं आंबवलेलं पीठ केळीच्या पानात बांधून वाफवायचं आणि मिरचीच्या चटणीबरोबर खायचं, ही तिच्या हातची खासियत. पूर्वी ती महिन्यातून एकदा केंकी करायची. हल्ली चार दिवसांआड करू लागली होती.

“काय करू गं,” ती सेर्वाच्या आईला सांगायची, “हा पोरगा रोज केळीची पानं कापून आणतो. टाकून कशी द्यायची?”

गावाला केंकी खाऊन खाऊन कंटाळा आला. सेर्वाच्या वाट्याची केंकी ओडुरो स्वतः आणून द्यायचा, आणि तिला काही कंटाळा येत नव्हता.

मग हरमट्टान सुटला. वाळवंटाकडून येणारा तो कोरडा वारा आला की आकाश पिठूळ होतं, ओठ फुटतात, कपडे वाळत घातले की घरात जाऊन येईपर्यंत कडक होतात. सेर्वाने बुंध्यांना पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं, सुकलेली टोकं कापली, पाणसोट काढले. बाग नेटाने तग धरून होती. फक्त पश्चिमेची रांग सोडून.

तिथल्या पानांच्या कडा आधी तपकिरी झाल्या. मग पानं कुरकुरीत होऊन गळू लागली. एका झाडाचा पंखा पुरता वाळला.

“किडा असेल,” आई म्हणाली.

“दृष्ट असेल,” मान्सा म्हणाली. “तू आजकाल फार हसतेस.”

“पाणी कमी पडत असेल,” ओडुरो म्हणाला आणि ओढ्यावरून डोक्यावर घागरी आणून रांगेला घालू लागला. घामाने निथळलेला, खांद्यापर्यंत भिजलेला. सेर्वाला तो फार आवडला त्या दिवसांत — इतका की तिने मान्सासमोर ते कबूलही करून टाकलं. पण रांग काही सुधारेना. रोज सकाळी ती पानं हातात घेऊन बघायची. मामा येणार, रांग बघणार आणि म्हणणार, चल दुकानात.

एका दुपारी तिने हट्टच धरला. काय होतंय ते डोळ्यांनी बघायचं. ती वाळलेल्या झाडाशेजारी जमिनीवर बसून राहिली. सूर्य कलला. आणि तिच्या मांडीवर ऊन आलं.

इथे ऊन? ह्या वेळेला?

ती उठली. उन्हाचा तो तुकडा नेमका तिच्या रांगेवर पडत होता. तिने मान वर केली, डोळ्यांवर हात धरला आणि उजेड जिकडून येत होता तिकडे चालू लागली. केळीच्या ओळीत, बरोबर मधोमध, एक भगदाड होतं. पानं फाटली नव्हती, गळली नव्हती... देठापासून नीट कापली होती. एकाच झटक्यात, खुंट न ठेवता. कापायची ती पद्धत तिच्या ओळखीची होती. तिनेच शिकवली होती.

भगदाडातून तिने पलीकडे पाहिलं. चढावर एक आडवं पडलेलं जुनं खोड होतं, आणि त्या खोडावर, हातातलं भाजलेलं केळं तोंडाशी तसंच धरून, ओडुरो बसला होता. सरळ तिच्याकडे बघत.

“ही पानं तू कापलीस?”

ओडुरो उठून उभा राहिला. “आईला केंकीसाठी...”

“ओडुरो.”

“हो. मी कापली.”

“का?”

त्याने हातातलं केळं खोडावर ठेवलं. मग म्हणाला, “इथून तू दिसतेस. आधी एकच पान आड यायचं, ते काढलं. मग तू पुढच्या झाडाशी गेलीस की पुन्हा दिसेनाशी व्हायचीस... मग आणखी एक. मला वाटलं, पानंच तर आहेत.”

“आणि माझी रांग भाजत होती, तेव्हा?”

“शपथ सांगतो, मला कळलं नाही. मी बंदरावरचा माणूस. पाणी कमी पडतंय असंच वाटलं. सेर्वा... मी दिवसभर तुझ्याकडे बघत होतो. झाडांकडे बघितलंच नाही.”

सेर्वा मागे फिरली. रांगेखालची भाजलेली पानं तिने मूठ भरून उचलली, केळीमधून पलीकडे गेली आणि त्याचा हात ओढून त्यावर ती ठेवली.

“हे बघ. एवढ्याला पडलं मला तुझं बघणं.”

ओडुरोने मूठ मिटली. पानांचा चुरा झाला. त्याचे डोळे भरून आले आणि ते त्याने लपवले नाहीत. सेर्वाला भयंकर राग आला होता, आणि त्याच वेळी आत कुठेतरी इतका आनंद झाला होता की तिला स्वतःचाच राग येऊ लागला. कुणी आपल्याला बघण्यासाठी एवढा उपद्व्याप करावा!

“उद्या पहाटे ताडाच्या झावळ्या घेऊन ये,” ती म्हणाली. “वाहता येतील तेवढ्या. आणि केळीचे खांब. बोलायचं नाही, फक्त काम करायचं.”

तो आला. बोलला नाही. त्याने झाडागणिक काठ्या रोवून झावळ्यांचे छोटे मांडव बांधले. सेर्वाने केळीचे खांब उभे चिरून ओल्या बाजूने बुंध्यांशी मांडले, म्हणजे पाणी झिरपत राहील. मग कोयत्याला धार लावून ती एकेक झाड बघू लागली. वाळलेली फांदी खरवडायची, साल आत हिरवी लागेपर्यंत खाली यायचं आणि तिथे तिरका छेद द्यायचा. काही झाडांना डोकंच उरलं नव्हतं.

“हे गेलं?” ओडुरोने शेवटी तोंड उघडलं.

“बोलायचं नाही म्हटलं होतं.”

“हात वर करून बोलू?”

आणि सेर्वा हसली. नको म्हणत असताना, ओठ फुटलेले असताना, खळखळून हसली. हसता हसता तिने त्याला खाली बसवलं आणि बुंध्याशी बोट नेलं. तिथे पाणसोट फुटले होते, चांगले दाटीवाटीने.

“कापू?” ओडुरोने विचारलं. “चोर आहेत ना?”

“एक ठेवायचा. पंखा गेलेल्या झाडाला हाच वाचवतो. वाढेल, छातीएवढा होईल आणि पुन्हा पसरेल.”

“कोणता ठेवायचा?”

“ह्यातला खालचा. जमिनीजवळून निघालेला. त्याचा जोर टिकतो.”

“म्हणजे चोरालासुद्धा कधीकधी ठेवून घेतात.”

सेर्वाने बाकीचे कोंब एकेक करून काढले. शेवटचा काढून झाल्यावर, त्याच्याकडे न बघता म्हणाली, “केळीची पानं आता वाढू देत. आणि तुला बघायचं असेल ना... तर वळसा घालून इकडे ये. दिसायला मी जवळूनही बरी आहे.”

ओडुरो रोज वळसा घालून येऊ लागला. दुपारी दोघं झावळ्यांखाली वाकून झाडं तपासायची. कुणाच्या झाडाला आधी डोळा फुटतो यावर पैजा लागायच्या आणि हरलेल्याने दुसऱ्यासाठी शेंगदाणे सोलायचे. ओडुरो मुद्दाम हरतो असा सेर्वाचा आरोप होता. वारा पडला, एक दिवस मातीचा वास सुटला, आणि बुंध्याजवळच्या त्या कोंबांना पालवी फुटली. कोवळी, तांबूस, लुसलुशीत. सेर्वाने आधी ओडुरोला ओरडून बोलावलं आणि मग तो पोचायच्या आत त्याच्या गळ्यातच पडली. मान्साने तेव्हा पाठ फिरवून आकाशाकडे बघितलं, असं ती अजूनही सांगते.

पण सगळी झाडं वाचली नव्हती. रांगेत मधे रिकाम्या जागा होत्या, आणि ईस्टर आला.

“तू आज तोंड दाखवू नकोस,” सेर्वाने ओडुरोला बजावलं. “एका मुलापायी रांग भाजली असं मामांना कळलं, तर हिचं लक्ष शेतात नाही म्हणतील आणि आजच आक्राला नेतील.”

बाडूमामा पांढराशुभ्र सदरा घालून, काठी टेकत बागेत आले. पहिल्या रांगा बघून त्यांनी मान डोलावली. पश्चिमेच्या रांगेशी मात्र थांबले.

“इथे काय झालं?”

“ऊन लागलं, मामा.”

“ऊन सगळ्यांनाच लागतं. सावली कुठे होती?”

सेर्वा पायाने वाळका पाला सारू लागली.

“सावलीची तजवीज न करता कोको लावलास?” मामांचा आवाज चढला. “हेच सांगत होतो तुझ्या आईला. पोरगी हट्टी आहे, पण शेती म्हणजे नुसता हट्ट नव्हे. जाऊ दे. सामान बांध...”

“सावली होती, मामा.”

केळीमधून ओडुरो बाहेर आला. सेर्वाने डोळ्यांनी त्याला परत ढकलायचा प्रयत्न केला, पण तो तिच्याकडे बघतच नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच.

“सावली आमच्या केळींची होती. ती मी कापली.”

“कशाला?”

“मला ती दिसावी म्हणून.”

मामांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग केळीच्या ओळीकडे, मग चढावरच्या खोडाकडे. “आणि दिसत होती?”

“हो.”

“मूर्ख,” मामा म्हणाले. ते सावकाश खाली वाकले, एक मांडव बाजूला सारला आणि आतला तांबूस कोंब बघितला. बोटाने बुंधा चाचपला. “हे मांडव कुणाचे?”

“बांधले मी,” ओडुरो म्हणाला. “पण ऊन कुठून येतंय ते शोधलं हिने. कुठलं झाड कुठवर कापायचं, कुठला कोंब ठेवायचा, सगळं हिने. मी नुसता हमाल.”

“वरचे कोंब का नाही ठेवलेस?” मामांनी सेर्वाला विचारलं.

“वरचा खोडाला नीट धरत नाही, मामा. फळांचा भार आला की फाटतो.”

मामांनी भाचीकडे हात पुढे केला, तिने त्यांना उठवलं. “मी पोरगा होतो तेव्हा आमची अशी एक रांग भाजली होती,” ते म्हणाले. “आम्ही ती उपटून टाकली. परत आणता येते हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सोमवारी मोठी माणसं जमतायत, तेव्हा सांगतो. जमीन तुझी.”

सेर्वाला रडू कोसळलं. मामा तिच्या डोक्यावर थोपटत राहिले आणि त्याच दमात ओडुरोवर ओरडले, “आणि तू! दुसऱ्याची झाडं मारलीस. वडिलांना सांग, सोमवारी दारूची बाटली घेऊन या. माफीची रीत आहे.”

सोमवारी ते आले. गुडघा धरत वडील, डोक्याला भरजरी फडकं बांधलेली आई, किनाऱ्याहून मुद्दाम आलेला ओडुरोचा मामा आणि मान खाली घातलेला ओडुरो. सेर्वा मागच्या अंगणात आईबरोबर फुफू कांडत होती. मुसळ तिच्या हातात होतं, कान पुढच्या अंगणात.

“ही झाडांची माफी,” ओडुरोच्या मामांचा आवाज आला. बाटली टेबलावर ठेवल्याचा आवाज. मग दुसऱ्या बाटलीचा.

“एका गुन्ह्याला दोन बाटल्या?” बाडूमामांनी विचारलं.

“दुसरी गुन्ह्याची नाही. आमच्या मुलाने तुमच्या घरात एक फूल बघितलंय. आम्ही मागणीचं दार ठोठावायला आलोय.”

सेर्वाचं मुसळ हवेतच थांबलं. ओडुरोने तिला एका शब्दाने सांगितलं नव्हतं! आईने घाईघाईने तिच्या गालावर उडालेला फुफू पुसला आणि तिला पुढे ढकललं.

अंगणात सगळे तिच्याकडे वळले. ओडुरोचा चेहरा राखेसारखा झाला होता. बाडूमामांनी बाटली हातात घेतली आणि तिला जवळ बोलावलं.

“सेर्वा, नीट ऐक. जमीन आता तुझी आहे. तू नाही म्हणालीस तरी ती कुठे जात नाही, आणि तुला दुकानातही कुणी बसवत नाही. कुणाची भीड नको. आता मी विचारतो. ही बाटली आम्ही घेऊ...”

“घ्या.”

अंगणात हशा पिकला. “अगं, प्रश्न तरी पुरा होऊ दे!” सेर्वाची आई दारातून ओरडली. “तीनदा विचारायचं असतं! मुलीने थोडं लाजायचं असतं!”

“रीत म्हणजे रीत,” बाडूमामा हसू दाबत म्हणाले. “दुसऱ्यांदा विचारतो. घेऊ का?”

“घ्या, मामा,” सेर्वा आणखी मोठ्याने म्हणाली, आणि ह्या वेळी तिने सरळ ओडुरोकडे बघितलं.

“तिसऱ्यांदा आणि शेवटचं. नंतर तक्रार चालणार नाही. घेऊ का?”

“घ्या!” ओडुरो म्हणाला. त्याला कुणीही विचारलं नव्हतं.